गर्दी व्हायच्या आधी

दवाखान्यातली लाइट गेली, जनरेटरही चालू होईना, आणि डॉक्टरांनी उरलेल्या पेशंटांना उद्या या म्हणून सांगितलं, म्हणून नंदिनी त्या दिवशी भर दुपारी घरी परतली. एरवी दिवेलागणीशिवाय ती तुकूममधल्या त्या गल्लीत पाऊल टाकत नसे. मे महिन्यातली चंद्रपूरची दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, घराघरातून कुलरची घरघर, आणि तोंडाला बांधलेल्या ओढणीच्या आत तिचा स्वतःचाच श्वास तिला गरम लागत होता. फाटक उघडं होतं. दारही उघडं होतं. दाराशी आईच्या चपला होत्या, नेहमीसारख्या एकीला एक चिकटून. आत कुलर चालू होता आणि जमिनीवर सूप होतं. सुपात अर्धे तांदूळ निवडलेले, अर्धे तसेच, आणि त्या तांदळावर आईचा चष्मा पडलेला. गॅसवर दुधाचं पातेलं बारीक आचेवर होतं. दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं होतं. "माय," तिने हाक मारली. मोरीत पाहिलं, मागच्या अंगणात पाहिलं. तारेवर वाळून कडक झालेली पातळं हलतही नव्हती. आणि मग, पन्नाशीला टेकलेल्या, डोळ्यांच्या दवाखान्यात रोज शंभर लोकांशी बोलणाऱ्या त्या बाईच्या मनात अगदी स्वच्छपणे आलं, की ते झालं. प्रभू येऊन गेला. मायला घेऊन गेला, आणि मी राहिले.

तिने गॅस बंद केला. माठातलं पाणी प्याली. कुलरसमोर खाली बसली. फोन पर्समध्ये होता, शेजारी पिंकीचं घर होतं. चार माणसं गोळा करून शोधायला निघावं, हे सगळं तिला कळत होतं, पण समोरच्या काचेपलीकडे दिसावं तसं. तिला भीती वाटत नव्हती. भीती लहानपणी वाटली होती. आरमोरीजवळच्या त्यांच्या गावात, शाळेतून आली तेव्हा घर असंच रिकामं होतं. चूल धुमसत होती, भाकरी तव्यावर काळी पडली होती, आणि माय नव्हती. त्याच आठवड्यात जंगूभाऊ येऊन गेले होते. ते एटापल्लीकडचे माडिया आदिवासी, ख्रिस्ती प्रचारक. सायकलवर गावोगाव फिरून सांगायचे की कर्णा वाजेल, प्रभू परत येईल आणि जे तयार असतील त्यांना घेऊन जाईल, आणि त्यांच्या मराठीत मधूनच त्यांची बोली मिसळायची, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते सगळं जंगलातून आत्ताच पाहून आल्यासारखं वाटायचं. ते म्हणाले होते, बाया हो, तुमी धानाच्या बांधीत रोवना करत असान, बाजूच्या बाईशी बोलत असान, अन् बोलता बोलता पाहान तं बाजूची बाई नाई. चिखलात तिच्या पायाचे दोन खड्डे, अन् त्यात पाणी भरून राह्यलं. बस. नंदिनी त्या दुपारी उंबऱ्यावर बसून राहिली. अंगणातल्या धुळीत मायचे खड्डे शोधत. शेजाऱ्यांकडे जायची सोय नव्हती. माय प्रार्थनेला जायला लागल्यापासून शेजारी त्यांच्या विहिरीवर येत नसत, आणि हळदीकुंकवाला बोलावणं तर कधीचंच थांबलं होतं. दिवस कलला तेव्हा माय आली. वाडीच्या टोकाला एक बाई अडली होती, तिच्या बाळंतपणाला धावली होती. हात कोपरापर्यंत धुतलेले, चेहरा थकलेला. पोरीचं तोंड पाहून तिला सगळं कळलं असावं, कारण ती जवळ बसली. पण पोटाशी धरण्याऐवजी तिने विचारलं, "भेली काऊन? तुह्या मनात काही ठेवून हाय का?"

मनात लपवलेल्या पापाबद्दलचा तो प्रश्न नंदिनीच्या अंगात कुठेतरी घर करून राहिला. पुढे ती चंद्रपूरला शिकायला आली, नोकरीला लागली, प्रार्थनेला जाणं आधी परीक्षांमुळे, मग ड्यूटीमुळे सुटत गेलं. तिने कधी जाहीर करून काही सोडलं नाही. पण कुठलंही दार अनपेक्षित उघडं दिसलं की आत कोणीतरी विचारायचं, काही ठेवून हाय का? माय मात्र बदलली नाही. गाव सोडून लेकीकडे राहायला आली ती आपलं सगळं वाट पाहणं सोबत घेऊन आली. खरकटं भांडं ठेवून झोपायचं नाही. कोणावर राग धरून झोपायचं नाही. रात्री अंथरुणावर पडताना धुतलेलं पातळ नेसायचं, कारण बोलावणं आलं तर त्या वेळी पेटी कोण उघडणार. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया वर्षाचं लोणचं घालत तेव्हा माय बरणीच्या तळाशी जेमतेम राहील एवढंच घालायची. म्हणायची, तेवढ्यात येईन तं वाया जाईन. आणि दर दिवाळीला त्यांचं लोणचं संपायचं आणि पिंकीच्या सासूकडून वाटीभर मागून आणावं लागायचं. प्रफुलला याची फार गंमत वाटे. तो म्हणायचा, "आई, तुमचा प्रभू थोडा लेट आला तं बरं होईन, पण लोणचं तरी पुरवा."

प्रफुल. आता, कुलरच्या वाऱ्यात बसल्या बसल्या, तिला त्याचं नाव सहज आठवलं, बाहेर गेलेल्या माणसाचं आठवावं तसं. त्याचे आईवडील कोरपन्याचे, बौद्ध. त्याच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली, आणि हे तो फार अभिमानाने सांगे. सिमेंटच्या कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन होता. लग्नाला माय नको म्हणाली होती, ती जातीमुळे नाही, गरिबीमुळे नाही. कारण एकच होतं की तो विश्वासात नाही. मग प्रफुल स्वतः आरमोरीला गेला आणि मायपुढे बसून म्हणाला, "मी देव मानत नाई, बाई, पण तुमच्या पोरीले मानतो." माय तेव्हा हसली नव्हती. हसली ती बऱ्याच वर्षांनी, त्याच्याच घरात राहायला आल्यावर, जेव्हा तो कामावर निघताना दारातून ओरडायचा, "आई, आज आला तं मले एक मिसकॉल देजा. अन् माह्यासाठी सीट धरून ठेवजा." माय त्याला तयार राहा म्हणून सांगायचं सोडत नसे, आणि तो मस्करी सोडत नसे, आणि बैठकीच्या भिंतीवर त्याच्या बुद्धाची तसबीर आणि तिच्या प्रार्थनेच्या मंडळीचं कॅलेंडर एकाच उंचीवर लटकत राहायचं. त्या दोघांचं इतकं जमलं की नंदिनीला कधी कधी आपणच पाहुण्या आहोत असं वाटे. मूल झालं नाही; त्याबद्दलही ते दोघंच एकमेकांशी बोलले असावेत, तिच्याशी नाही.

तो बसमध्ये गेला. दिवसपाळी संपवून कोरपन्याहून येणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसला होता. गडचांदूरला त्याने कंडक्टरशी बोलून तिकीट घेतलं, राजुऱ्याला बाजूचा माणूस उतरला तेव्हा त्याने पाय बाजूला घेतले, असं त्या माणसाने नंतर सांगितलं. त्यानंतर कुठेतरी. चंद्रपूरच्या स्टँडवर सगळे उतरले आणि हा बसून राहिला. कंडक्टरने खांद्याला हात लावला, "भाऊ, आलं चंद्रपूर," असं म्हणून. दोन वर्षं झाली, पण नंदिनीच्या मनात जे फिरत राहतं ते त्याचा चेहरा नाही, घाटावरचा धूर नाही. बस पुलावरून चालली आहे, माणसं जांभया देताहेत, कोणी मोबाइलवर गाणी लावलीत, आणि त्यांच्यात एक जण नाही, आणि हे कोणालाच माहीत नाही, एवढंच. भंतेजी आले, पांढऱ्या कपड्यातली माणसं आली, त्रिशरण झालं. माय मागे भिंतीला टेकून डोक्यावर पदर घेऊन उभी होती. तिचे ओठसुद्धा हलत नव्हते. नंदिनी रडली नाही. लोक म्हणाले धक्का बसलाय, रडेल नंतर. पण नंतर काही आलं नाही. ती दवाखान्यात जायला लागली. लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे, डोळे मिटून बसा म्हणायचं, बोलावते म्हणायचं. बाकावर ओळीने डोळे मिटून बसलेली माणसं. तिला त्यांच्यात बसून राहावंसं वाटे. अंगाला चिमटा काढला तर लागत होतं, जेवण तिखट असलं तर कळत होतं. फक्त हे सगळं होऊन जिथे पोचायचं त्या ठिकाणी कोणी नव्हतं.

आणि त्या दिवसापासून मायने ते बोलणं बंद केलं. दुसऱ्या येण्याचं एक अक्षर नाही. भांडी घासून झोपायची, धुतलेलं पातळ नेसायची, पण तयार राहा म्हणून कोणाला म्हणाली नाही. नंदिनीने त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. मायच्या हिशोबात जे तयार नव्हते ते बाहेर. दार लागलं की लागलं. प्रफुल बाहेर होता, आणि मायला ते ठाऊक होतं, आणि लेकीला दुखवू नये म्हणून ती गप्प होती. दोघी एका ताटाला समोरासमोर बसून जेवत आणि ती गोष्ट मध्ये पडलेली असे. विचारावं असं नंदिनीला कधी वाटलं नाही. उत्तर माहीत असलेलं कशाला विचारायचं.

म्हणून आता, रिकाम्या घरात, तिच्या मनात जे आलं त्याचं तिलाच नवल वाटलं. मी राहिले, म्हणजे मी प्रफुलकडच्या बाजूला राहिले. बरं झालं. ती तिथेच भिंतीला डोकं टेकून बसली. आता कुठे जायचं नव्हतं, काही सिद्ध करायचं नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिला झोप आल्यासारखं झालं.

"ताई! वो ताई! घरीच हा का तुमी?" पिंकी दारात उभी होती, डोक्यावर टॉवेल, चेहरा उन्हाने लाल. "अन् फोन काऊन नाई उचलून राह्यल्या? आजी तिकडं चौकात बसल्या हाय, बँडवाल्याच्या दुकानात. अनवाणी गेल्या वो. पायाची कातडी निघाली."

चौकापर्यंत जाताना नंदिनीला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, निराशेसारखं, ते तिने पाहिलं नाही. बँडच्या दुकानात ढोल एकावर एक रचलेले, लाल कोट खिळ्यांना टांगलेले, आणि मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर माय बसलेली. चष्म्याशिवाय तिचे डोळे उघडे पडल्यासारखे दिसत होते. तळपाय तिने एकमेकांना न लावता उचलून धरले होते. दुकानाचा मालक धनराज तिच्या पायांवर बाटलीतलं पाणी ओतत होता. मोठ्या पोटाचा, मिशा रंगवलेला माणूस. तो नंदिनीला पाहून उठला आणि आपलीच चूक असल्यासारखा बोलू लागला. "बाई, मी इथी रियाज करून राह्यलो होतो. संध्याकाळी भद्रावतीची वरात हाय. तं ह्या आजी आल्या. धावतच आल्या म्हणा ना. समोर उभ्या राह्यल्या. मले वाटलं आवाज बंद कर म्हणाले आल्या असन, दुपारची वेळ हाय. म्हणून मी तुतारी खाली ठेवली. तं मले म्हणते कशा, 'तूच का?' मी म्हटलं, हाव, मीच. मंग त्या खालीच बसल्या. रस्त्यावर. डांबरावर." त्याने बाटलीला झाकण लावलं. "माह्याकून काही चुकलं का?"

"नाई भाऊ," नंदिनी म्हणाली. "तुमचं काही नाई."

पिंकीने ऑटो थांबवला. दोघी घरी आल्या. नंदिनीने परातीत पाणी घेतलं, मायला दिवाणावर बसवून पाय त्यात ठेवले. टाचेवर आणि चवड्यावर मोठाले फोड आले होते, एक फुटला होता. हे पाय तिने कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. रोवण्याच्या चिखलाने भेगाळलेले, अंगठ्याचं नख कधीचं काळं पडलेलं. पाय हातात घेऊन ती पाणी घालत राहिली. काय विचारायचं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि जे तोंडातून निघालं ते लहान मुलीने विचारावं तसं होतं.

"मले सोडून चालली होती का तू?"

मायने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. चष्म्याशिवाय तिला चेहरा नीट दिसत नसावा.

"दूध गॅसवर, दार उघडं," नंदिनी म्हणाली. "चप्पल घालाचीबी फुरसत नवती. मी घरी आली तं कोणीच नाई. तुले माईत हाय मले कसं वाटते."

"माईत हाय," माय म्हणाली. "तवाबी माईत होतं. आरमोरीले. तवा मी तुले भलतंच विचारलं." तिने पाय पाण्यात हलवला आणि कळ आली म्हणून ओठ दाबले. "तुले सोडून नाई गेली, नंदा. तुह्यासाठीच धावली. कर्णा वाजला असं वाटलं, अन् म्हटलं, प्रभूले पहिले आपण गाठू. गर्दी व्हाच्या आंधी. येकदा सारे जमले, सारे उठले कबरीतून, मंग कोण कोणाचं ऐकते? पहिलेच जाऊन विचाराचं होतं."

"काय विचाराचं होतं?"

"प्रफुलचं."

कुलरचं पाणी संपलं असावं. त्याचा आवाज कोरडा झाला होता. नंदिनीचे हात परातीतच राहिले. ती म्हणाली, "तुले तं माईत हाय ना. तू तं सांगत होती, जे तयार नाई ते..."

"मी सांगत होती," माय म्हणाली. "साऱ्या जन्माची सांगत आली. पण तो बसमधून घरी आला नाई तवापासून मले नाई माईत. म्हणून बोलत नवती मी. तुले वाटलं असन मी मनात त्याले बाहेर काढलं." तिने पदराने चेहरा पुसला. "जंगूभाऊले फोन केला होता मी. एटापल्लीले. म्हटलं, भाऊ, तुमी आमाले एवढं शिकवलं, आता येक सांगा. मंग म्हणे, गिरजाबाई, माही बायको कधीच प्रार्थनेले आली नाई. तिच्या पेनांचंच करत राह्यली. अन् तशीच गेली. प्रभू याले किती पावसाळे, ते मी मोजत नाई आता, म्हणे. मीबी तिचं विचारीन म्हणूनच थांबून हाव." पेन म्हणजे त्यांच्याकडचे देव, हे नंदिनीला माहीत होतं. जंगूभाऊंना बायको होती हेच तिला माहीत नव्हतं. सायकलवरचा तो माणूस, चिखलातल्या खड्ड्यांचं सांगणारा, संध्याकाळी घरी जाऊन कोणासमोर जेवत होता, याचा तिने कधी विचार केला नव्हता.

"अन् तो नाई म्हणाला तं?" तिने विचारलं. "तुहा प्रभू?"

"तं मी सांगीन त्याले," माय म्हणाली, "का तुमी येकदा त्याच्यासंग बसून जेवून पाहा."

ती हे हसून म्हणाली नाही. बाजारात एखाद्या माणसाबद्दल खात्रीने सांगावं तसं म्हणाली. नंदिनीने पाय कोरडे केले, मलम लावलं, मऊ धोतराची पट्टी गुंडाळली. गाठ मारताना तिला जाणवलं की आपल्याला काहीतरी वाटायला हवं आहे, आणि ते वाटत नाही. तिने खाली पाहतच सांगितलं, "माय, मले काहीच वाटत नाई. दोन वर्षं झाली. रडूबी येत नाई. तू एवढी धावली, पाय जळाले, अन् मी आपली कुलरपुढं बसून होती. शोधालेबी नाई उठली."

"माईत हाय मले."

"तुले सारंच कसं माईत राह्यते?"

"येका घरात राह्यतो आपण." मायने तिच्या डोक्यावर हात ठेवला, हात ओला होता. "मले तरी रोज कुठी वाटते, नंदा? कधी वर्ष वर्ष काही वाटत नाई. भांडे घासतो, पातळ नेसतो, पडतो. वाटलंच पायजे असं कोण म्हणलं? बसाचं असते. वाट पाहाले काही वाटाव लागत नाई."

मग तिने दिवाणावर अंग टाकलं, पट्ट्या बांधलेले पाय उशीवर घेतले. ऊन खिडकीच्या खालच्या गजापर्यंत उतरलं होतं. पिंकीने निरोप पाठवून बर्फ हवा का म्हणून विचारलं, नंदिनीने नको म्हणून कळवलं. तिला वाटलं माय झोपली. ती सूप उचलायला वाकली तेव्हा माय डोळे मिटूनच म्हणाली, "ते राहू दे. तू बस तिथी. मले थकवा आला. दोघीतली येक जागी असली पायजे."

"मी बसून काय करू? माहा तं विश्वासच नाई."

"तं काय झालं? डोळे हायत ना?" तिचा आवाज झोपेने जड झाला होता. "कोणी आलं तं मले उठवजो. अन् मी नाई उठली तं तूच विचारजो. प्रफुलचं नाव नीट सांगजो, आडनावासकट. नाईतर तो भलत्याच प्रफुलचं सांगीन."

नंदिनीने खुर्ची ओढली आणि दाराच्या चौकटीत ठेवली, जिथून गल्ली पार वळणापर्यंत दिसत होती. ती बसली. डांबर अजून तापलेलं होतं आणि त्यावरची हवा हलत होती. समोरच्या घरातल्या बाईने अंगणात पाणी शिंपडलं. एक सायकल गेली. एक माणूस वळणावर आला, थांबला, पत्ता शोधत असल्यासारखा घरांकडे पाहू लागला, आणि नंदिनी त्याच्याकडे नीट पाहत राहिली, तो तिसऱ्या फाटकात शिरेपर्यंत. मग पुन्हा रस्ता रिकामा झाला. आतून मायच्या घोरण्याचा आवाज येत होता. नंदिनीने पाय वर घेतले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि नाव मनात एकदा म्हणून पाहिलं, आडनावासकट.